पोरगा हॉस्पिटलात 'कॉम्प्युटरवाला' आहे, नोकरी सोडायला लावू का?

नमस्कार भाऊ,

पत्र वाचलं. पोरगा बीसीए झाला, अमरावतीला एका हॉस्पिटलात सिस्टम ॲडमिन (म्हणजे तिथले कॉम्प्युटर, सर्व्हर चालू ठेवणारा) आहे, पगार 14 हजार, तिथं सगळे 'ए कॉम्प्युटरवाला' म्हणून हाक मारतात, रात्री-बेरात्री फोन, अन् तिकडं पुतण्या पुण्यात कोडिंग करून गाडी घेऊन आला, म्हणून याले सोडायला लावू का म्हणता.

एवढ्यात नका लावू.

हे कामच असं आहे की नीट झालं तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर, लाईट सतरांदा जाते-येते, तरी ओपीडीत केसपेपर निघतच राहते, काहून की कोणीतरी यूपीएसची बॅटरी आधीच बदलून ठेवली असते, सर्व्हरच्या खोलीतला एसी पाहिला असतो, अन् बॅकअप नुसता घेतला नाही तर त्यातली एखादी फाईल परत उघडून पाहिली असते. (हे शेवटचं बरेच जण करत नाहीत, मग ऐन वेळेवर बोंबलत बसतात.)

जुलै 2024 आठवा. 19 तारखेला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटनं जगात जवळपास 85 लाख विंडोज मशीन बंद पडल्या, आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. ते निस्तरलं कोणी? याच लोकायनं, कितीतरी ठिकाणी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये (म्हणजे मोजक्याच गोष्टी चालू ठेवून) मशीन सुरू करून, अपडेटमधली ती बिघडलेली फाईल डिलीट करून. जुलैचा शेवटचा शुक्रवार 2000 पासून सिस्टम ॲडमिन दिवस म्हणून पाळतात, म्हणजे या लोकायचा पोळाच म्हणा, पण त्या दिवशीही फोन येते तो प्रिंटर अडकल्याचाच.

आता मान नाही ही तक्रार खरी आहे, पण पोरालाही थोडं हलावं लागेल. काय बिघडलं, किती वेळात सुरू केलं, काय बिघडायच्या आधीच बदललं हे रोज लिहून महिन्याले एक पान मॅनेजरच्या टेबलावर ठेव म्हणा, पगारवाढ मागताना तेच कामी येते. सोबत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) टाकून हात बसवू द्या, मग आरएचसीएसए ही रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा द्यावी, तिथं पाठांतर चालत नाही, मशीनवर काम करून दाखवा लागते. नेटवर्किंगची गोडी असली तर सिस्को कंपनीची सीसीएनए परीक्षा.

दोन वर्षांनीही प्रिंटरचा टोनर बदलण्यापलीकडं काम मिळालं नाही तर खुशाल सोडू द्या. अन् त्याले स्वतःला कोडिंग आवडते का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही भाऊ, ते आधी त्यालेच विचारा.