अमेरिकन टीव्हीवर भुताच्या वेषात सिनेमा दाखवणारी माणसं आली कुठून?

तुमचा प्रश्न असा: जुन्या अमेरिकन टीव्हीवर भुताखेतांचा सिनेमा लागला की मध्येमध्ये कुणीतरी भुताच्याच वेषात येऊन का बोलायचं, आणि हे सुरू कुणी केलं?

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. इथल्या ऐंशीच्या घरातल्या कुणाहीपुढे ‘रोलंड’ या टीव्हीवरच्या भुताचं नाव घेऊन बघा, चेहरा फुलतो. त्याच्याकडे येतेच, पण पहिला मान लॉस एंजेलिसच्या व्हॅम्पायराचा, म्हणजे मायला नुर्मीचा. ती एका वेषांतराच्या पार्टीला चार्ल्स अ‍ॅडम्सच्या व्यंगचित्रातली काळ्या झग्यातली बाई बनून गेली होती. केएबीसी वाहिनीच्या एका निर्मात्याने ते रूप लक्षात ठेवलं आणि तिला शोधून काढलं. वाहिनीकडे होते स्वस्तातले जुने सिनेमे. मध्यरात्री ते बघायला लोकांना जागं ठेवणारं कुणीतरी हवं होतं. १९५४ साली ती धुक्याने भरलेल्या बोळातून कॅमेऱ्याकडे चालत आली आणि किंकाळी फोडली. मग कोचावर रेलून तिने सिनेमाचीच टिंगल सुरू केली. ‘लाइफ’ मासिकात फोटो आले, एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि १९५५ मध्ये कार्यक्रम बंद. सगळं थेट प्रक्षेपण, त्यामुळे आज हाताशी आहेत ती जेमतेम काही मिनिटं. मला याची फार हळहळ वाटते.

खरी लाट १९५७ ची. युनिव्हर्सल स्टुडिओचे ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी असे ५२ जुने सिनेमे स्क्रीन जेम्स कंपनीने ‘शॉक’ नावाच्या एकाच गठ्ठ्यात गावोगावच्या वाहिन्यांना दिले. सिनेमे सगळीकडे तेच. मग आपल्या गावच्या वाहिनीचं वेगळेपण कशात? तर ते दाखवणाऱ्या माणसात! म्हणून प्रत्येक शहराने आपापलं भूत उभं केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं मूळ इथे आहे.

फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयू वाहिनीने जॉन झॅकर्लीला घेतलं, तोच आमचा रोलंड. तो याच शहरातला. त्याच वाहिनीच्या एका काउबॉय मालिकेत त्याने अंत्यसंस्कार करणाऱ्याचं काम केलं होतं, तोच लांब काळा कोट इथे कामी आला. शवपेटीतल्या बायकोला तो ‘माय डिअर’ म्हणायचा, पण ती कधी दिसायची नाही. मेंदूची शस्त्रक्रिया म्हणून फ्लॉवरचा गड्डा कापायचा. सगळ्यात भारी म्हणजे तो सिनेमातच घुसायचा. प्रसंग ऐन रंगात आला की मध्येच त्याचा शॉट जोडलेला, जणू तोही त्याच तळघरात उभा आहे. भीती आणि हसू एकाच श्वासात यायचं. स्टुडिओने प्रेक्षकांना भेटीला बोलावलं तेव्हा हजारो पोरं लोटली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कने त्याला पळवलं आणि तिथे तो ‘झॅकर्ली’ या नावानेच प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेला.

क्लीव्हलँडचा गूलार्डी, म्हणजे अर्नी अँडरसन, १९६३ चा. त्याला सिनेमाशी फारसं देणंघेणं नव्हतं. तो पार्मा या उपनगराची खिल्ली उडवायचा, तिथले पांढरे मोजे आणि पोल्का संगीत धरून. क्लीव्हलँडबाहेरच्याला त्यात काय कळणार? पण गावातली माणसं त्याच्यासाठी शुक्रवारी रात्री जागायची. (दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन हा त्याचाच मुलगा.)

हे अजून बघायला मिळतं का, तर हो. शिकागोत १९७० साली स्वेन्गूली हे पात्र आलं. १९७९ पासून रिच कोझ तो वारसा चालवतोय आणि आता त्याचा कार्यक्रम मीटीव्ही वाहिनीवरून शनिवारी देशभर दिसतो. सिनेमे बरेचदा तेच युनिव्हर्सलचे. मध्येच थांबून तो त्यातल्या बारीकसारीक भूमिका करणाऱ्या, पाटीवर नावही न आलेल्या नटांविषयी सांगतो. मला सिनेमापेक्षा तेच ऐकायला आवडतं.