भारतातलं लसीकरण कार्ड अमेरिकेतल्या शाळेत चालतं का? काउंटीकडून लस फुकट मिळते का?

कार्ड चालतं, पण त्यावरचे सगळे डोस धरले जात नाहीत. तुमची मुलगी साडेपाच वर्षांची, लसीकरण सरकारी दवाखान्यात पूर्ण, प्रवेश कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, असं गृहीत धरून लिहितोय.

डीपीटीची चिंता नको. पेंटाव्हॅलंटचे (पाच आजारांची एकत्र लस, तिच्यात डीपीटी येते) तीन, दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर मिळून पाच भरतात. अडतं ते गोवरावर. नवव्या महिन्यातला एमआर (गोवर-रुबेलाची लस) बाद, कारण पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस इथे मोजत नाहीत. दीड वर्षाचा एमआर गोवर-रुबेलापुरता ठीक, पण त्यात गालगुंडाची लस नसते. शाळेला एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात, मध्ये किमान 28 दिवस. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीतच नाही, तेव्हा तिचे दोन डोस घ्यावे लागतात, मध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवून. 1 एप्रिल 2016 पासून दिलेले पोलिओचे थेंबही धरत नाहीत (पोलिओ विषाणूचा टाइप 2 हा प्रकार त्यातून काढला गेला), म्हणून इंजेक्शनं घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बी आपल्याकडे 14व्या आठवड्यात संपते. इथल्या वेळापत्रकात शेवटचा डोस 24 आठवड्यांच्या आधी चालत नाही. म्हणजे आणखी एक.

कार्डावर 05/06/2021 असेल तर इथली नर्स ते 6 मे वाचेल. निघायच्या आधी प्रत्येक तारीख महिन्याच्या नावासकट इंग्रजीत लिहून दवाखान्याचा शिक्का मारून आणा. ‘सर्व लसी दिल्या’ एवढ्या दाखल्याचा काही उपयोग नाही.

आता टीबी. या काउंटीत शाळाप्रवेशासाठी डॉक्टरकडून टीबीच्या जोखमीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो, आणि जन्म भारतातला म्हटल्यावर चाचणी आलीच. रक्ताची चाचणी मागा. हातावरच्या चाचणीत बीसीजीमुळे (टीबीची लस) खोटी गाठ येऊ शकते, शिवाय ती दाखवायला 48 ते 72 तासांत परत जावं लागतं. लोक हमखास चुकतात ते क्रमात: आधी एमएमआर टोचून घेतात आणि आठवड्याने चाचणीला जातात. एमएमआरमुळे चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्या. पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ आणि लक्षणं काही नसतील तर तो सुप्त टीबी, दुसऱ्याला लागत नाही. औषध मात्र टाळू नका.

फुकटचं म्हणाल तर ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना 1994 पासून आहे. 19 वर्षांखालचं मूल विमा नसलेलं किंवा मेडिकेडवरचं (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा सरकारी आरोग्यविमा) असलं की लसीचे पैसे नाहीत. टोचण्याचं शुल्क मागू शकतात, पण ते परवडत नाही म्हणून लस नाकारता येत नाही. कंपनीचा विमा सुरू झाला की तुम्ही या योजनेत बसत नाही. मग विमा कंपनीच्या नेटवर्कमधल्या (म्हणजे तिच्या यादीतल्या) बालरोगतज्ज्ञाकडे जा, तिथेही लसीला सहसा पैसे पडत नाहीत. विमा सुरू व्हायला महिनाभर असेल तर तेवढ्या काळात योजना लागू होते.

सगळे डोस संपेपर्यंत शाळा थांबत नाही. आज देय असलेले घेतले आणि पुढच्याची तारीख यायची असली, तर सशर्त प्रवेश मिळतो.

पहिल्याच भेटीत भारतातले डोससुद्धा राज्याच्या लसीकरण नोंदणीत चढवायला सांगा. नुसते नवे चढवले तर पुढचा दवाखाना जुन्यांचा पुरावा पुन्हा मागेल.