मिथाइल नक्की कुठं बसलाय?

तुझा मेसेज वाचला, पायराझोलची रिंग (पाच अणूंची, त्यात शेजारी-शेजारी दोन नायट्रोजन) एकाच स्टेपमधे बंद झाली आणि मास (रेणूचं वजन) पण बरोबर आला, भारीच. पण टेस्टिंगला सँपल द्यायच्या आधी दोन दिवस थांब.

तू डायकीटोनवर मिथाइलहायड्राझीन टाकलंस, आता दोन्ही कार्बोनिल सारखे नाहीयेत म्हणजे दोन आयसोमर (अणू तेच, जोडणी वेगळी) होऊ शकतात आणि दोघांचं वजन एकच, मासला त्यातलं काही कळत नाही. मिथाइलवाला नायट्रोजन जास्त न्यूक्लिओफिलिक असतो, म्हणजे कार्बोनिलवर जास्त जोरात जातो, त्यावरून कुठला जास्त होईल याचा अंदाज बांधता येतो, पण एका बाजूला ट्रायफ्लोरोमिथाइल असला की तो अंदाज खूपदा फसतो, आणि इथेनॉलऐवजी ट्रायफ्लोरोइथेनॉल घेतलं तरी प्रमाण बरंच बदलू शकतं. म्हणून अंदाजावर जाऊ नकोस, एचएमबीसी (कुठला प्रोटॉन कुठल्या कार्बनपासून दोन-तीन बाँडवर आहे ते दाखवणारा एनएमआर) कर. एन-मिथाइलचे प्रोटॉन पाचव्या कार्बनला (मिथाइलवाला नायट्रोजन एक नंबर धरला की त्याच्या शेजारचा) तीन बाँडवरून दिसतात, तिसरा कार्बन चार बाँड लांब पडतो. नोझी (जागेत जवळजवळ असलेले प्रोटॉन दाखवणारा एनएमआर) पण काढ, पाचव्या जागेवरच्या ग्रुपचे प्रोटॉन मिथाइलच्या जवळ असतात. दोन्ही एकच सांगत असतील तरच ड्रॉइंग फायनल.

हे एवढं घोळवून सांगतोय कारण मी स्वतः दोन महिने चुकीच्या आयसोमरवर ॲनालॉग बनवत बसलो होतो, शेवटी क्रिस्टल मिळाला आणि एक्स-रेमधे मिथाइल पलीकडच्या नायट्रोजनवर निघाला. तोवर वीसेक कंपाउंडची नावं चुकीची लिहून झाली होती आणि आमचं सगळं एसएआर (रचना बदलली की परिणाम कसा बदलतो त्याचा हिशोब) उलटं वाचलं गेलं होतं.

कंपाउंड ज्या प्रोटीनला जाऊन बसतं त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. मिथाइलवाल्या नायट्रोजनची लोन पेअर (बाँडमधे न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) रिंगच्या ॲरोमॅटिक सहा इलेक्ट्रॉनमधे गेलेली असते, हायड्रोजन बाँड घेतो तो दुसरा नायट्रोजन, त्याची लोन पेअर रिंगच्या प्लेनमधे बाहेर तोंड करून असते. आयसोमर बदलला की त्याच्या शेजारचा ग्रुपच बदलतो. प्रत्येक रिंगला हेच विचारत जा, लोन पेअर कुठंय? पिरिडीनच्या कॉन्जुगेट ॲसिडचा पीकेए (जितका जास्त तितका बेस तगडा) ५.२, पिपरिडीनचा ११ च्या आसपास, पायरोल तर बेस म्हणून जवळजवळ नाहीच, आणि तिघांत नायट्रोजन एकेकच. पिपरिडीन सिलिकाच्या कॉलमवर लांब पसरत शेपूट काढतं (एल्युएंटमधे, म्हणजे वरून सोडायच्या सॉल्व्हंटमधे, १ टक्का ट्रायइथाइलअमीन घाल, बहुतेक वेळा सुटतं) तेही त्या लोन पेअरमुळंच. आणि मोकळा इमिडाझोल (दोन नायट्रोजनची आणखी एक रिंग) लावायची घाई करू नकोस, त्याचा नायट्रोजन सायटोक्रोमच्या (यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाइम) हीममधल्या लोखंडाला धरतो, केटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची इतर औषधांशी होणारी इंटरॅक्शन त्यातूनच येतात.

मिथाइलहायड्राझीन विषारी आहे आणि पेटतं पण, हूडबाहेर बाटली उघडायची नाही, हे मी दर वेळी सांगणार.

एचएमबीसी झाला की रॉ डेटा पाठव, नुसता स्क्रीनशॉट नको, आणि टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ प्लेटवर) खाली जो फिका स्पॉट दिसतोय म्हणालास तो फ्रॅक्शन टाकून देऊ नकोस, बहुतेक तोच दुसरा आयसोमर असेल, दोघांचा एनएमआर शेजारी ठेवून बघू.