जपानला वर्षभर जाणाऱ्या मुलीने शाळेत कोणता क्लब घ्यावा?

तुमचा प्रश्न मला असा कळला: लेक एक्स्चेंजवर वर्षभर जपानच्या शाळेत जाणार, तिथे शाळा सुटल्यावर क्लब असतात, त्यातला एक निवडायचाय. ती लहानपणापासून भरतनाट्यम शिकतेय, तर नृत्य दाखवता येईल असंच काही घ्यावं का? आणि अशा उपक्रमांतून ‘स्वतःची ओळख होते’ असं माहितीपत्रकात छापलंय, त्यात तथ्य किती?

मी स्वतः शाळेत असताना तिकडे राहून आलेय आणि पुढे जाणाऱ्या मुलांची निघण्याआधी तयारी करून घ्यायच्या कामात पुण्यात बरीच वर्षं आहे. उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी क्लबचं बघू. वर्ग साधारण साडेतीनला संपतात, मुलं मिळून वर्ग नि जिने झाडून पुसून घेतात आणि मग बुकात्सु, म्हणजे क्लब. एकीकडे खेळाचे, दुसरीकडे कलांचे: ब्रशने अक्षरं काढायचा शोदो, चहाविधी, ब्रास बँड, नाटक, फोटो, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, कुठे कुठे वादाइकोचे ढोल. आपल्या छंदवर्गासारखं शनिवारी जाऊन आलं नि झालं, असं नसतं. बहुतेक क्लब आठवड्यातले बरेच दिवस चालतात आणि चालवतात मुलंच. शिक्षक असतात, पण नवख्यांना शिकवायचं, सामान मोजायचं, खोलीला कुलूप लावायचं हे एक वर्ष पुढची मुलं करतात. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं प्रवेश परीक्षांसाठी साधारण उन्हाळ्यात क्लबमधून निवृत्त होतात, आणि त्याला निवृत्तीच म्हणतात!

आता माझं मत: नृत्य नको. ते तिला येतं, हीच अडचण आहे. परदेशी पाहुणी म्हणून तसंही सगळे तिच्याकडून साडी, मेंदी, करी आणि एखादा नाच अपेक्षितच धरतात. एकदा करावं, आनंदाने करावं. पण वर्षभर तेच केलं तर मुलगी भारताचा स्टॉल होऊन बसते. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि घरी जातात. तिच्याबद्दल कुणाला काही कळत नाही, तिला स्वतःला तर नाहीच.

माहितीपत्रकातली ‘ओळख’ मी तरी अशी पाहिलीय: इथे प्रत्येक मुलावर एक शिक्का असतो. हुशार, अभ्यासू, लाजाळू, अमुकची मुलगी. तिकडे तो कुणाला वाचता येत नाही. भाषा तोडकीमोडकी, त्यामुळे बोलून छाप पाडायची सोय नाही. उरतं ते काम. न येणारी गोष्ट करताना आपण कसे वागतो, चिडतो, लपतो, की दुसऱ्याचं बघून शिकतो, हे तेव्हा दिसतं. दडलेली प्रतिभा वगैरे क्वचितच सापडते. स्वभाव मात्र हमखास सापडतो.

जपान सरकारने 2018 मध्ये आशियातल्या शाळकरी मुलांसाठी काकेहाशी नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. तीवर गेलेली सोलापूरची एक मुलगी मला चांगली ठाऊक आहे. कायम पहिल्या तिनात येणारी, वही अशी की शिक्षक इतरांना दाखवायचे. अक्षर सुंदर म्हणून शोदो क्लब घेतला, आणि तिथेच गाडी अडली. देवनागरी लिहिणाऱ्या हाताला शिरोरेषा सरळ काढायची सवय असते. शोदोमधली आडवी रेघ मात्र उजवीकडे किंचित वर चढते. तिची रेघ दर वेळी आडवीच्या आडवी. शिक्षिका काही न बोलता शेंदरी शाईच्या ब्रशने त्यावरच योग्य रेघ ओढून कागद परत द्यायच्या. शिवाय उमटलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. ब्रश एक क्षण जास्त टेकला तर शाई कागदात पसरते, कमी टेकला तर रेघ फाटते, आणि जे उमटलं ते उमटलं. खोडरबरावर वाढलेल्या मुलीला हे फार जड गेलं. रात्री आईला फोन करून रडायची.

शरद ऋतूत शाळेचा सांस्कृतिक महोत्सव असतो, बुंकासाई. त्यात त्यांच्या क्लबने शोदो परफॉर्मन्स बसवला: गाणं लावून, हाकामा हा घोळदार पारंपरिक पोशाख नेसून, जमिनीवर अंथरलेल्या भल्यामोठ्या कागदावर सगळ्यांनी मिळून लिहायचं. हा प्रकार तिकडे इतका लोकप्रिय आहे की एहिमे प्रांतातल्या शिकोकुचूओ या कागदासाठी प्रसिद्ध गावात 2008 पासून शाळांची देशपातळीवरची स्पर्धा होते. आमच्या पोरीला अर्थातच मोठा ब्रश मिळाला नाही. तिच्याकडे बादली आली. लिहिणारी मुलगी पुढे सरकली की तिच्या ब्रशखाली बादली धरून सोबत सरकायचं, एक थेंब कागदावर पडता कामा नये, आणि गाण्याच्या ठरलेल्या ओळीला बाजूला व्हायचं. सरावात कोण कधी कुठे आडवं येतं हे तिच्याच ध्यानात यायला लागलं. तिने चौकटीच्या वहीत सगळ्यांच्या जागा नि पावलं मांडली आणि ती वही क्लबभर फिरली. कायम एकटीने पहिली येणाऱ्या मुलीला कळलं की आपल्याला चार जणांची घडी बसवायला आवडतं. परत आल्यावर तिने वास्तुकलेची वाट धरली. त्याचं श्रेय मी बादलीला देणार नाही, पण घरात आता तिला न विचारता कुठलं कार्य ठरत नाही एवढं खरं.

तुमच्या लेकीसाठी आणखी एक: क्लब काहीही असो, वर्गाच्या समूहगायन स्पर्धेतून तिने अंग काढू नये. पुष्कळ शाळांत प्रत्येक वर्ग एक गाणं बसवतो. पियानोवर एक विद्यार्थी, समोर हात हलवायलाही विद्यार्थीच. आपल्या शाळांत प्रार्थनेपासून स्फूर्तिगीतापर्यंत सगळे एकाच सुरावटीत गातात. तिथे तीन-चार वेगळ्या सुरावटी एकदम चालतात. मला आल्टोत, म्हणजे खालच्या सुरांच्या गटात उभं केलं होतं आणि पहिले काही दिवस मी नकळत शेजारच्या, वरच्या सुरात गाणाऱ्या सोप्रानोंच्या चालीवर घसरायचे. मुख्य चाल कानात घुमत असताना आपली खालची, जरा कंटाळवाणी ओळ धरून ठेवायची, आणि तरीही दुसऱ्यांचं ऐकत राहायचं. मी वादात पटकन बहुमताकडे झुकते हे मला तिथे उभ्या उभ्या उमगलं. सुधारले का, ते घरच्यांना विचारा.

बाकी व्यवहाराचं. ब्रास बँडच्या वाटेला विचार करून जावं: सराव अफाट, सुट्टीच्या दिवशीही, आणि एका वर्षासाठी आलेल्या मुलीला त्यात स्पर्धेच्या चमूत जागा मिळणं कठीण. चहाविधी मवाळ आहे, मिठाईही मिळते, पण मांडी सोडून वज्रासनात बसायची तयारी हवी. नाटकाच्या क्लबात संवाद झेपणार नाहीत. प्रकाश, नेपथ्य मागून घ्यावं. महोत्सवात वर्गाचं भुताचं घर असेल तर पुठ्ठे कापायच्या गटात शिरावं, जपानी खरं तिथेच सुधारतं. करीच्या स्टॉलवर नेमणूक झालीच तर निदान हिशेबाची पेटी तरी दुसऱ्याकडे देऊ नये.

मार्चमध्ये पोचणाऱ्यांना एक फायदा असतो: तिथलं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि तेव्हा सगळेच क्लब नव्या मुलांना बघायला बोलावतात. ती ऑगस्टमध्ये पोचणार असेल तर तिला क्लब बघायचेत हे यजमान कुटुंबाला आधीच कळवून ठेवा. अकरावीचं काय करायचं ते कॉलेजशी निघण्याआधी बोलून लेखी घ्या. हिरागाना ही जपानी अक्षरं आत्तापासून गिरवायला लावा. आणि घुंगरू सामानात असू देत, वजन फार नसेल तर.

शाळेचं नाव कळलं की त्यांच्या संकेतस्थळावर क्लबांची यादी सापडेल. ती इथे टाका, आपण मिळून बघू.