वाचकांचे प्रश्न : राखाडी घड, हरवलेली हायड्रोजन रेषा आणि उपग्रहांची घड्याळं

प्रश्न : काळ्या जातीच्या एका वेलीवर एकाच काडीला राखाडी-तांबूस मणी आले आहेत. त्यापासून नवी जात मिळवायची तर काडी लावावी की मण्यांच्या बिया पेराव्यात?

काडीच. बियांच्या वाटेला जाऊ नका. द्राक्षाच्या १९ गुणसूत्रजोड्यांत दोन्ही प्रतींमध्ये इतका फरक असतो, की बियांपासून आलेलं रोप मूळ वेलीसारखं निघत नाही. कॅबर्ने सोविन्याँ हे काळं द्राक्ष कॅबर्ने फ्राँ आणि चक्क पांढऱ्या सोविन्याँ ब्लाँच्या संकरातून आलं, हे १९९७ साली डीएनए चाचणीनं कळलं.

तुमच्या काडीवर काय घडलं असावं? सालीचा रंग दुसऱ्या गुणसूत्रावरच्या शेजारशेजारच्या दोन जनुकांवर ठरतो : एमवायबीए१ आणि एमवायबीए२. पांढऱ्या जातींत पहिल्याच्या तोंडाशी 'ग्रेट१' नावाचा उडता जनुक (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) येऊन बसल्यानं तो बंद पडलेला असतो, तर दुसरा जनुक उत्परिवर्तनांमुळे निकामी झालेला असतो. काळा रंग यायला या जोडीची एक चांगली प्रत पुरते. पिनो न्वार किंवा कॅबर्ने सोविन्याँसारख्या जातींत एक प्रत चांगली आणि एक निकामी असते. वाढबिंदूतल्या एखाद्या पेशीतून चांगल्या प्रतीचा तुकडा गळला, की तिच्या वंशात रंग तयार होत नाही.

मात्र वाढबिंदूत पेशींचे दोन थर असतात आणि ते सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. आतल्या थरातून चांगली प्रत गेली आणि बाहेरच्यात राहिली, तर रंग फक्त सालीच्या वरच्या पदरात उरतो आणि मणी राखाडी किंवा तांबूस दिसतात. पिनो ग्री अशीच आहे. कॅबर्ने सोविन्याँवर आलेली 'मालियन' ही कांस्यरंगी जातही तशीच, आणि मालियनच्या बाहेरच्या थरातूनही रंग गेल्यावर 'शॅलिस्टिन' ही पांढरी जात मिळाली. परागकण आणि बीजांड आतल्या थरापासून बनतात. म्हणून राखाडी घड स्वपरागित झाला तर त्याच्या बियांतून सगळी पांढऱ्या द्राक्षांची रोपं येतील, राखाडी एकही नाही!

फळं काडीवर असतानाच ती काडी रंगानं खुणावा. छाटणीनंतर ओळखण्याचा काही उपाय उरत नाही. बदल काडीच्या एकाच बाजूला असू शकतो, म्हणून ज्या डोळ्यांच्या लगत रंग बदललेले घड आले तेच घ्या आणि प्रत्येक डोळ्याचं कलम वेगळ्या क्रमांकानं लावा. दोन-तीन हंगाम घड पाहा. ज्या कलमावर एखादा घड पुन्हा काळा येईल ते बाद करा. प्रयोगशाळेत तपासणी करायची असेल तर पानाबरोबर मुळाचाही नमुना द्या. पानात दोन्ही थर असल्यानं चांगली प्रत दिसत राहते आणि 'बदल नाही' असा अहवाल येतो. मुळं आतल्या थरातून फुटतात, त्यामुळे तिथे ती प्रत गायब दिसेल. यासाठी वेल स्वतःच्या मुळांवर हवी. कलमी असेल तर मुळं खुंटाची असतात आणि चाचणी भलत्याच जातीची होते.

प्रश्न : द्राक्षाच्या पानांतून सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धतीनं डीएनए काढतो. गोळा तपकिरी आणि चिकट येतो, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया) चालत नाही. काय चुकतं?

बहुधा पान जून आहे. शेंड्याकडचं, नुकतं उलगडलेलं पान घ्या, सुमारे १०० मिलिग्रॅम. ते द्रव नायट्रोजनमध्ये दळा आणि भुकटी वितळायच्या आत ६५ अंश सेल्सिअसच्या द्रावणात टाका. वितळली की पॉलिफेनॉल हवेत काळवंडून डीएनएला चिकटतात, मग कितीही धुवा. द्रावणात २ टक्के सीटॅबबरोबर पॉलिफेनॉल धरून ठेवणारं २ टक्के पीव्हीपी हवं. काळवंडणं रोखणारं मर्कॅप्टोइथेनॉल वापरायच्या क्षणीच मिसळा, आठवड्यापूर्वी मिसळलेलं उपयोगाचं नाही. चिकटपणा शर्करांचा असतो. नेहमीच्या १.४ मोलरऐवजी २ मोलर मीठ घेतलं, तर आयसोप्रोपेनॉल घातल्यावर त्या बऱ्याच अंशी विरघळलेल्या राहतात. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) १.८ आलं म्हणून खूश होऊ नका, २६०/२३० पाहा, ते १.५ च्या खाली असेल तर शर्करा-फेनॉल अजून आहेत. घाईच असेल तर नमुना दहापट पातळ करून पीसीआर लावून पाहा. अडथळा आणणारे पदार्थही तितकेच पातळ होतात.

प्रश्न : आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ-रेषा पकडण्यासाठी पत्र्याचा कर्णा (कर्ण्याच्या आकाराची अँटेना) केला. मागे १५ सेंमी व्यासाचा डबा आणि बंद बाजूपासून ५.३ सेंमीवर ५.३ सेंमीची तार. रात्रभर नोंद घेऊनही काहीच दिसलं नाही.

तारेची लांबी ठीक आहे, जागा चुकली. तरंगलांबी २१.१ सेंमी, तिचा चौथा हिस्सा ५.३, हे मोकळ्या हवेतलं गणित. डब्याच्या आत तरंग ताणला जातो. १५ सेंमी व्यासाच्या गोल नळीची छेदन-तरंगलांबी (याहून लांब तरंग नळीतून जात नाही) १.७०६ गुणिले १५, म्हणजे २५.६ सेंमी. त्यावरून नळीतली तरंगलांबी सुमारे ३७ सेंमी येते आणि तिचा चौथा हिस्सा ९.३ सेंमी. तार बंद बाजूपासून इतक्या अंतरावर हवी. तारेची लांबी मात्र ५.३ पासून सुरू करून थोडी थोडी कापत जा, साधारण ५ च्या आसपास जुळते. डबा बदलायचाच झाला तर १२.४ सेंमीपेक्षा अरुंद नको, त्यातून हा तरंग जातच नाही. १६ च्या वरही नको, तिथे दुसरी तरंगरीत (नळीत तरंग पसरण्याची वेगळी मांडणी) शिरते.

दुसरी जागा तपासा ती कमी-गोंगाटाच्या प्रवर्धकाची (संदेश वाढवणाऱ्या घटकाची). तो तारेच्या टोकाशीच, डब्याला चिकटून हवा. मध्ये १ डेसिबेल नुकसान करणारी केबल आली तरी गोंगाटात (तो तापमानाच्या एककात मोजतात) सुमारे ७५ केल्व्हिनची भर पडते. प्रवर्धक ग्राहकयंत्राशेजारी, टेबलावर ठेवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. मोबाइल मनोरे जवळ असतील तर १४२० मेगाहर्ट्झचा गाळणी-घटकही लागेल, नाहीतर प्रवर्धक त्यांच्याच संदेशानं भरून जातो.

आकाशाकडे वळण्याआधी पाच मिनिटांची ही परीक्षा घ्या. कर्णा सरळ वर करून शक्ती मोजा, मग तो जमिनीकडे वळवून मोजा. जमीन सुमारे ३०० केल्व्हिनची, डोक्यावरचं आकाश १० च्या आसपास. फरक ५ डेसिबेल आला तर यंत्रणेचा गोंगाट साधारण १२५ केल्व्हिन आहे, उत्तम. २ डेसिबेलपेक्षा कमी आला तर गोंगाट जवळपास ५०० किंवा त्याहून जास्त. कुठेतरी जोड ढिला आहे किंवा प्रवर्धकाला वीजच पोचत नाही. हे न सुधारता रात्र जागवू नका.

आता नोंद. आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचं छोटं रेडिओ-ग्राहकयंत्र) वापरत असाल तर मध्य-वारंवारता रेषेच्या १४२०.४ मेगाहर्ट्झवर ठेवू नका; वर्णपटाच्या बरोबर मधोमध उपकरणाचा स्वतःचा खोटा काटा उभा राहतो आणि तो नेमका रेषेवर बसतो. मध्य १४२०.० मेगाहर्ट्झ ठेवा. कर्णा हंस तारकासमूहाकडे, आकाशगंगेच्या पट्ट्यावर रोखून १० मिनिटं नोंद घ्या. मग पट्ट्यापासून दूर रोखून तितकीच नोंद घ्या आणि पहिलीला दुसरीनं भागा. हा भागाकार न करता नुसता वर्णपट पाहिला तर गाळणीच्या उतारातच रेषा बुडते. बहुतेकांची रेषा इथेच हरवते, वेळ कमी पडून नव्हे : १५० केल्व्हिनच्या यंत्रणेत १० किलोहर्ट्झ रुंदीला १०० सेकंदांत चढउतार ०.१५ केल्व्हिनवर येतो, आणि पट्ट्यातला हायड्रोजन त्याच्या कैकपट तेजस्वी असतो.

खरी रेषा शेकडो किलोहर्ट्झ रुंद आणि ढेपाळलेली असते. सुईसारखा काटा दिसला तर तो संगणकाचा किंवा चार्जरचा. कर्णा न हलवता दोन तास थांबा. आकाश तासाला १५ अंश सरकतं, रेषा आकार बदलेल, काटा तसाच राहील. वेग काढताना १ मेगाहर्ट्झला २११ किमी प्रतिसेकंद हे प्रमाण धरा आणि पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीची वजाबाकी विसरू नका, ती ३० किमीपर्यंत जाते.

प्रश्न : मांडवाखालचे २.४ गिगाहर्ट्झचे संवेदक हिवाळ्यात १०० मीटरवर व्यवस्थित चालले, पालवी आल्यावर बंद पडले. प्रक्षेपणशक्ती दुप्पट करावी का?

दुप्पट शक्ती म्हणजे फक्त ३ डेसिबेल. मोकळ्या हवेत १०० मीटरवर ८० डेसिबेल जातात, आणि वाटेत सगळी दाट पानं असतील तर वाइसबर्गरच्या (पानांतलं नुकसान काढायच्या) सूत्रानं आणखी सुमारे २६. ओल्या पानांत त्याहूनही जास्त. अँटेना पानांच्या वर निदान १ मीटर उचला. या अंतरावर फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमधल्या रेषेभोवती तरंगाला लागणाऱ्या जागेची) मधली त्रिज्या १.८ मीटर असते आणि तिचा ६० टक्के भाग मोकळा हवा. उचलणं शक्य नसेल तर ८६६ मेगाहर्ट्झसारखा खालचा पट्टा घ्या, तिथे दोन्ही मिळून १५ डेसिबेल वाचतात. कोणता पट्टा वापरायची मुभा आहे ते आधी पाहा.

प्रश्न : सापेक्षतेची दुरुस्ती केली नाही तर जीपीएस रोज ११ किमी चुकेल असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का?

आकडा खरा, निष्कर्ष घाईचा. उंचीवर गुरुत्व कमी असल्यानं उपग्रहाचं घड्याळ दिवसाला सुमारे ४६ मायक्रोसेकंद पुढे जातं आणि वेगामुळे ७ मागे पडतं. उरतात ३८.६. याला प्रकाशवेगानं गुणलं की साडेअकरा किलोमीटर. पण ही चूक सगळ्या उपग्रहांत जवळपास सारखीच असते, आणि ग्राहकयंत्र चार उपग्रहांवरून स्वतःच्या घड्याळाची चूकही अज्ञात म्हणून सोडवतं. सामाईक चूक त्या अज्ञातात जिरते. उपग्रहाचं स्थान चुकीच्या क्षणासाठी काढलं जाईल, पण ३.९ किमी प्रतिसेकंद वेगानं ती चूक दिवसाला १५ सेंमी होते. वेळ मात्र खरोखर बिघडेल, तासाला १.६ मायक्रोसेकंद.

१९७७ साली एनटीएस-२ उपग्रहावर दुरुस्ती सुमारे २० दिवस मुद्दाम बंद ठेवून हे मोजलं गेलं. भाकीत १०¹² मध्ये ४४६.५ भागांचं होतं, मोजमाप ४४२.५ आलं. आता उपग्रहाचं घड्याळ जमिनीवरच १०.२३ ऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झवर लावून पाठवतात.

ग्राहकयंत्राचा कार्यक्रम स्वतः लिहीत असाल तर खरी काळजी वेगळ्याच पदाची घ्या. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्यानं प्रत्येक उपग्रहाचं घड्याळ आपापल्या फेरीत पुढेमागे होतं, आणि ही चूक सामाईक नसते. उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती लांबट ते) ०.०१ असेल तर ती २३ नॅनोसेकंदांपर्यंत, म्हणजे अंतरात ७ मीटर. −४.४४२८×१०⁻¹⁰ ला उत्केंद्रता, अर्धदीर्घ अक्षाचं वर्गमूळ आणि उत्केंद्र कोनाची (उपग्रह कक्षेत कुठे आहे ते सांगणाऱ्या कोनाची) ज्या, म्हणजे साइन, यांनी गुणा; उत्तर सेकंदांत येतं आणि ते उपग्रहाच्या घड्याळाच्या दुरुस्तीत मिळवायचं. चिन्ह उलटं घेतलं तर चूक दुप्पट होते, आणि फेरीगणिक वरखाली होणाऱ्या अवशेषांवरून ती ओळखता येते.