आधी वाचक, मग जाहिरात

भाऊ, ब्लॉगला आठ दिवस झाले नाहीत अन् कमाईचं विचारतोस? थांब जरा. अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेत, १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, आणि तिथवर वाचकच नेतात. ते गूगलवर नेमका प्रश्न घेऊन येतात. म्हणून 'नागपूरची माहिती' असं मोघम लिहू नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी बडग्या-मारबतीची मिरवणूक कुठून जाते, गाडी कुठे लावायची, ते लिही. तेही महिना-दीड महिना आधी. नवं पान गूगलला सापडायला वेळ लागतो. मी एकदा मिरवणुकीच्या सकाळी लेख टाकला, दिवसभरात अकरा जण आले! फार वाईट वाटलं होतं. लोक काय शोधत ब्लॉगवर आले ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, दर आठवड्याला उघड. लोक 'मारबत पार्किंग' शोधत आलेले दिसले, की पुढचा लेख त्यावरच.