वाचक विचारतात : युक्रेनी लोकनृत्य कोणत्या वयात, कुठून सुरू करावे?

प्रश्न : आम्ही एडमंटनला राहतो. मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेतल्या मित्रांचे पाहून दोघेही युक्रेनी नृत्याच्या वर्गाला जाऊ लागले आहेत. मुलाला उकिडवे बसून पाय फेकायचे आहेत, पण वर्गात नुसते धावायला लावतात, अशी त्याची तक्रार आहे. शिक्षक वेळ काढत आहेत का?

उत्तर : मुळीच नाही. ज्याला तो नुसते धावणे म्हणतो, ते ‘बिहुनेत्स’ नावाचे पाऊल असावे. दोन मात्रांच्या ठेक्यावर पहिले पाऊल लांब झेपेचे आणि पुढची दोन आखूड पडतात, आणि एवढ्या वेगातही डोके व खांदे हिंदकळता कामा नयेत. होपाक या उड्या-गिरक्यांच्या प्रसिद्ध युक्रेनी नृत्यात नर्तकांची रांग रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, ती बरेचदा याच पावलावर. ते बसल्याशिवाय पुढचे काही शिकवणाऱ्या शिक्षकाकडे मी माझे मूल पाठवणार नाही.

उकिडवे बसून पाय फेकण्याला ‘प्रिस्यादका’ म्हणतात, आणि गंमत अशी की त्यात नर्तक खऱ्या अर्थाने बसतच नाही. तोल चवड्यांवर, टाचा एकमेकींजवळ, गुडघे बाहेरच्या बाजूला उघडलेले आणि पाठ ताठ, अशा स्थितीत तो खाली जातो आणि मांड्यांच्या जोरावर लगेच वर उसळतो. खाली पोहोचल्यावर मांड्या सैल सोडल्या की सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून आधी कठड्याला धरून अर्धे वाकणे, मग पूर्ण खाली जाणे, नंतर कठडा सोडणे आणि सर्वांत शेवटी पाय फेकणे, हा क्रम पाळावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलाने या क्रमाची सुरुवात करायला हरकत नाही. मात्र साधारण दहा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, दुखू लागते असे पुष्कळ मुलांच्या बाबतीत होते. तसे झाल्यास उड्या आणि प्रिस्यादका थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ‘सवयीने जाईल’ म्हणून रेटू नये.

कठड्याच्या सरावाचेही मुलांना कोडे पडते, कारण तो बॅलेसारखा दिसतो. आज रंगमंचावर दिसणाऱ्या युक्रेनी नृत्यावर बॅलेचा संस्कार आहेच. १९३७ साली पाव्हलो व्हिर्स्की यांनी मिकोला बोलोतोव्ह यांच्यासह युक्रेनचे राज्य लोकनृत्य पथक उभे केले. व्हिर्स्की मूळचे बॅलेचे नृत्यरचनाकार होते, आणि गावातल्या पावलांना त्यांनी दिलेला रंगमंचीय घाट आता जगभरच्या वर्गांमध्ये शिकवला जातो. कॅनडात हे नृत्य वर्गाच्या रूपाने रुजले ते त्याच्याही आधी. १९२५ मध्ये येथे आलेले व्हासिल आव्रामेन्को गावोगावी नृत्यशाळा भरवत असत. आपल्या एडमंटनमधले ‘शुम्का’ हे पथक १९५९ पासून चालू आहे.

पाच वर्षांच्या मुलीकडून सध्या फेर धरणे, ठेक्यावर टाळी देणे आणि रांगेतली आपली जागा ओळखणे एवढेच अपेक्षित असते. तिच्या फुलांच्या मुकुटाच्या फिती गिरकीत उडू लागल्या की बाकीची हौस तिला आपोआप येईल.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची असून बारा वर्षे भरतनाट्यम शिकले आहे. टोरांटोत विद्यापीठाच्या युक्रेनी नृत्यगटात जायचे आहे. मला थेट वरच्या वर्गात घेतील का?

उत्तर : घेतले तरी आपण जाऊ नये, असे मला वाटते. निदान सुरुवातीचे काही महिने नवशिक्यांच्या वर्गात काढावेत. अरमंडीमुळे, म्हणजे भरतनाट्यममधल्या अर्ध्या बैठकीमुळे, आपले गुडघे बाहेर वळलेले आणि पाठ ताठ असेल, तालही पक्का असेल. ही मोठी शिदोरी आहे. अडचण येते ती भाराची. आपण आजवर तळपाय जमिनीवर आपटून नाद काढायला शिकलात, तर पोल्ताव्हा भागातल्या, म्हणजे मध्य युक्रेनच्या, नृत्यात शरीर सतत वर उचललेले असते. ‘प्रिपादान्या’ हे सरकते पाऊल करून पाहा. एक पाय बाजूला टाकायचा, दुसऱ्याचा चवडा त्याच्या मागे आणून त्यावर उठायचे आणि पुन्हा बाजूच्या पायावर हलकेच उतरायचे. यात पाऊल वाजले की चुकलेच समजा. शिवाय एकल नृत्याची सवय असलेल्यांना शेजारणीच्या खांद्याशी खांदा जुळवून फिरणे जड जाते.

मात्र युक्रेनी नृत्य म्हणजे केवळ होपाक नव्हे. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सूल लोकांची नृत्ये जमिनीलगतच्या बारीक, चपळ पावलांची असतात, बुकोविनाच्या नृत्यांत पाय आपटणेही येते, तर व्होलिनच्या नृत्यांत उसळी फार. गटात विचारून बुकोविनाची एखादी रचना लवकर मिळवावी. तिथे आपली जुनी तालीम अडसर न ठरता उपयोगी पडेल.

प्रश्न : वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतात. नातीला वर्गाला पोहोचवून मी बाहेर बसून असतो. विनिपेगमध्ये प्रौढांचा वर्ग आहे असे कळले. जावे का?

उत्तर : अवश्य जावे. पहिल्याच दिवशी शिक्षकांना गुडघ्यांविषयी सांगून प्रिस्यादका आणि उड्या वगळाव्यात, आणि गुडघा सुजत असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्यासाठी मला कोलोमिय्का हे फेराचे नृत्य सर्वांत योग्य वाटते. कॅनडातल्या युक्रेनी लग्नांत आणि जानेवारीतल्या मालान्का या उत्सवात सगळे मिळून मोठे वर्तुळ करतात, अंगात रग असलेले तरुण आळीपाळीने मध्ये जाऊन करामती दाखवतात आणि बाकीचे फेर, ठेका व टाळ्या सांभाळतात. या फेरात साठीचा माणूस कुणाला खटकत नाही. लाल बुटांची घाई करू नये. ते रंगमंचासाठी असतात. सरावाला मऊ तळव्याचे, पायात घट्ट बसणारे नृत्याचे बूट पुरतात. धावण्याचे जाड रबरी बूट मात्र टाळावेत, कारण गिरकी घेताना त्यांचा तळ जमिनीला धरून राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो.